मशीनच्या बेडपेक्षा मोठी वस्तू सीएनसीवर कशी बनवायची

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं, फिरत्या बिटाने (कापणाऱ्या टोकाने) लाकूड-फोम कापणारं मशीन. त्याचा बेड, म्हणजे ज्यावर शीट ठेवतात ते टेबल, १२२० बाय २४४० मिमीचा, कधीकधी त्याच्या अर्धासुद्धा नाही, आणि बनवायचंय काय तर तीन मीटरचं काउंटर, माणसाच्या उंचीचा पुतळा नाहीतर बोटीचा साचा. बहुतेक जण इथे सरळ थ्रीडी मॉडेल काढायला बसतात, आकार मस्त गोलगोल करून घेतात, रेंडर बिंडर काढतात आणि मग शेवटी विचार करतात की आता हे तोडायचं कुठे. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. मोठ्या वस्तूत आधी सांधे ठरवायचे आणि आकार त्यांच्या मागून येऊ द्यायचा, कारण मशीन काय कापेल, शीट केवढं येतं, दारातून काय आत जाईल, दोन माणसांना काय उचलेल हे सगळे प्रश्न शेवटी सांध्यांपाशीच येऊन थांबतात.

म्हणून कॅड (ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी मेजरिंग टेप घ्या. वस्तू जिथे जाणारे तिथलं दार, जिना, जिन्याचं वळण, लिफ्ट, गाडीची आतली लांबी, सगळं मोजा आणि त्यातलं सगळ्यात लहान माप लिहून ठेवा, तुमच्या एका भागाची कमाल साईज तीच. वजनाचंही तसंच. १८ मिमी एमडीएफचं एक पूर्ण शीट साधारण ४० किलोचं भरतं, प्लाय त्याहून हलकं, पण आठ शीटांची वस्तू म्हणजे एमडीएफमध्ये तीनशे किलोच्या वर गेलीच. ती जमिनीवर चार जणांनी ढकलायची की सुट्या भागांत नेऊन जागेवर बोल्टने कसायची हे आत्ताच ठरवायचं. बोल्टने कसायची असेल तर पाना फिरवायला हात कुठून जाणार हेपण, ते सगळे विसरतात.

आता बनवायची पद्धत. ढोबळ चार रस्ते आहेत. एक, सपाट पॅनल कापून पेट्या बनवायच्या आणि पेट्या एकमेकांना जोडायच्या. २०११ मध्ये सुरू झालेला विकिहाऊस हा खुला प्रकल्प याच तत्त्वावर घरं बनवतो, प्लाय सीएनसीवर कापायचा, पोकळ ठोकळे जोडायचे, ते हातांनी उचलून रचायचे. सरळ कडांच्या वस्तूला याच्यासारखं काही नाही. दोन, आडव्या-उभ्या फळ्या एकमेकींत अर्ध्या अर्ध्या खाचेत बसवून जाळी करायची आणि हवं तर वरून पातळ प्लाय किंवा पट्ट्या वाकवून लावायच्या, हलकं होतं, छताला टांगायच्या वस्तूंना बरं पडतं. तीन, वस्तूचे आडवे काप काढून ते थर एकावर एक चिकटवायचे. चार, फोम किंवा लाकडाचा जाड ठोकळा घेऊन त्यावर थ्रीडी मिलिंग. खरं तर मोठ्या कामात यातले दोन-तीन एकत्रच येतात, आतला सांगाडा जाळीचा, बाहेर फोम वगैरे.

थरांच्या पद्धतीबद्दल थोडं जास्त बोलतो कारण ती दिसायला सगळ्यात सोपी आणि फसवायला सगळ्यात पटाईत. शीटवर १८ मिमी लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात व्हर्नियर लावला की १७.६ निघतं, कधी एकाच शीटच्या दोन कोपऱ्यांत ०.३ चा फरक. एका थरात ०.४ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ४० थर लावा, कागदावर ७२० मिमी उंची आणि हातात ७०४, म्हणजे १६ मिमी गायब. पुतळ्याचं नाक थोडं खाली आलं तर एकवेळ चालेल, पण त्यात दुसरा भाग बसायचा असेल तर संपलं. म्हणून सगळं मटेरियल आधी आणा, दहा तुकडे एकावर एक दाबून एकत्र मोजा, दहाने भागा, आणि ती जाडी धरूनच मॉडेलचे काप काढा. ग्लूचा थर नीट क्लॅम्प केला तर एवढा पातळ होतो की त्याचा हिशोब धरला नाही तरी चालतं, पण तुम्ही क्लॅम्प न करता नुसतं वजन ठेवणार असाल तर तो थोडा जाड राहतो, तेव्हा चार-पाच थर चिकटवून मोजून बघाच.

थर भरीव ठेवू नका. प्रत्येक थराची फक्त ६०-८० मिमी रुंद कडी ठेवली तरी ताकद भरपूर, वजन खूप कमी, आणि आतल्या मोकळ्या जागेत वरच्या लहान थरांचे तुकडे बसतात म्हणजे शीट वाचतं. कडी ठरवताना एक बघायचं, खालच्या थरावर वरचा थर निदान ३०-४० मिमी तरी टेकला पाहिजे, आकार वेगाने आत जात असेल तिथे कडी रुंद करावी लागते. आणि मोठी कडी अखंड कापायची गरजच नाही, तीन-चार तुकड्यांत करा, फक्त प्रत्येक थरात सांध्याची जागा सरकवा, विटा रचतात तशी. सगळ्या थरांतून जाणारी ८ मिमीची दोन-तीन भोकं ठेवा आणि त्यात लाकडी खुंट्या किंवा लांब रॉड घाला. या भोकांशिवाय ओल्या ग्लूवर थर घसरतात आणि मग पॉलिशपेपर घेऊन आठवडा घालवा. थराचा नंबर आणि वरची बाजू दाखवणारा बाण मशीनकडूनच अर्धा मिमी खोल कोरून घ्या, जिथे पुढचा थर झाकेल तिथे. पेन्सिलने लिहू म्हणाल तर नाही होत, एकसारख्या दिसणाऱ्या ६० कड्या जमिनीवर पसरल्या की कळतं.

पॅनलच्या कामात जाडीचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. इथे एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते, म्हणजे खाचेची रुंदी म्हणजे खऱ्या शीटची जाडी अधिक थोडी सूट. म्हणून फ्युजन असो, फ्रीकॅड असो की आणखी कुठलं कॅड, जाडी हा पॅरामीटर (एका जागी बदलला की सगळीकडे बदलणारा आकडा) ठेवायचा आणि सूट हा दुसरा पॅरामीटर, आकड्यात १८ कुठेही टाईप करायचं नाही. शीट बदललं की एक आकडा बदलला आणि सगळ्या खाचा बदलल्या. सूट किती हे कोणी तुम्हाला सांगू शकत नाही, ते तुमचा प्लाय, तुमचा बिट, तुमचं मशीन यांचं मिळून ठरतं. त्यासाठी एक चाचणी-पट्टी कापा, एकाच तुकड्यात सात-आठ खाचा, प्रत्येक ०.१ मिमीने रुंद, आणि त्याच शीटचा तुकडा घालून बघा. हाताने दाबल्यावर जाते आणि उलटं धरलं तरी पडत नाही ती खाच घ्यायची. छोट्या वस्तूला हातोडीने ठोकून बसणारी फिट छान वाटते, पण मोठ्या वस्तूत एकाच वेळी बारा जिभा बारा खाचांत घालायच्या असतात, त्यातली नववी अडकली की बाकीच्या बाहेर येतात. मोठं काम म्हणजे सूट जरा सढळ. ताकद स्क्रूने आणि ग्लूने येईलच.

आतल्या कोपऱ्याचंही बघून घेऊ. गोल फिरणारा बिट चौकोनी कोपरा कापूच शकत नाही, ६ मिमीच्या बिटाने ३ मिमी त्रिज्येचा गोलवा राहतोच आणि जीभ आत पूर्ण बसत नाही. त्यावर उपाय म्हणजे कोपऱ्यात थोडं बाहेर काढलेलं अर्धगोल भोक, ज्याला डॉगबोन म्हणतात. दिसायला नको असेल तर ते एकाच बाजूला सरकवायचं, म्हणजे जिभेच्या खांद्याखाली लपतं. भोकाचा व्यास बिटापेक्षा किंचित मोठा द्या, ६ च्या बिटाला ६.४ वगैरे, अगदी ६ दिला तर कॅम सॉफ्टवेअर (जे ड्रॉइंगवरून बिटाचा मार्ग काढतं) बिट मावत नाही म्हणून तो कोपरा गुपचूप सोडून देतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

पूर्ण साईज कापायच्या आधी मॉडेल करा. १८ मिमीच्या प्लायला ३ मिमीचा पुठ्ठा किंवा एमडीएफ म्हणजे बरोबर १:६. त्याच ड्रॉइंगवरून कापा, फक्त बिटाचा व्यास आणि सूट वेगळी द्या, आणि जोडून बघा. कोणता भाग कोणाच्या आधी बसला पाहिजे, कुठली फळी शेवटी घालायला जागाच उरत नाही, हे स्क्रीनवर कधीच दिसत नाही कारण स्क्रीनवर फळ्या एकमेकींच्या आरपार जातात. जोडणीचा क्रम तिथेच लिहून ठेवा.

आता मशीनकडे वळू. छोट्या वस्तूत मशीन थोडं वाकडं असलं तरी खपतं, मोठ्यात नाही. बेडवर एक फालतू शीट लावा, १००० बाय १००० मिमी चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर भोकं पाडा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १४१४.२ आले पाहिजेत. फरक २ मिमी आला तर तुमची गॅन्ट्री (बिट धरून बेडवरून मागेपुढे फिरणारा आडवा पूल) मीटरमागे जवळपास १.४ मिमी तिरकी चाललीय, आणि २४४० च्या पॅनलवर ते तीन मिमीच्या पुढे जातं. वर तुम्ही पॅनल उलटं करून दुसऱ्या बाजूने कापणार असाल तर चूक दुप्पट होते, कारण एक बाजू डावीकडे झुकते आणि उलटी केलेली उजवीकडे. आधी गॅन्ट्री सरळ करा, मग पुढचं. त्याचबरोबर बेडवरचा एमडीएफ, ज्याला स्पॉइलबोर्ड म्हणतात, तो मोठ्या सपाट बिटाने एकदा पूर्ण घासून घ्या म्हणजे तो गॅन्ट्रीला समांतर होतो.

बेडपेक्षा लांब पॅनल अखंडच हवं असेल तर शीट सरकवून दोन टप्प्यांत कापता येतं, अट एवढीच की मशीन पुढून-मागून उघडं पाहिजे. समजा १२०० चा बेड आणि २००० चं पॅनल. शीटच्या वाया जाणाऱ्या कडेला, लांबीच्या दिशेत नेमकं १००० अंतर ठेवून दोन भोकं पाडायची, आणि त्याच प्रोग्राममध्ये दोन्ही भोकं स्पॉइलबोर्डमध्येही उतरवायची. खालच्या भोकांत पिना ठेवा, बाजूला एक सरळ पट्टी ठोका जिला शीटची फॅक्टरीची कड घासत जाईल. पहिला टप्पा कापून झाला की शीट उचलून १००० मिमी पुढे सरकवा, मागचं भोक पुढच्या पिनेवर बसतं, कड पट्टीला टेकते, झालं. दुसऱ्या टप्प्याचा प्रोग्राम तेवढाच १००० ने मागे ओढलेला. कापाच्या दोन टप्प्यांची भेट कधीही गोल वळणात ठेवू नका, तिथे ०.२ चा फरकही बोटाला लागतो, ती कोपऱ्यात नाहीतर खाचेच्या आत ठेवा. आणि दोन्ही टप्पे एकमेकांवर दोन-तीन मिमी चढू द्या नाहीतर मध्ये बारीक पापुद्रा उरतो.

हे सगळं जमतं, पण खरं सांगायचं तर दहातल्या आठ वेळा दोन फळ्या करून मध्ये चांगला सांधा देणं हेच शहाणपणाचं असतं. अखंड असण्याचा हट्ट बहुतेक वेळा नुसता हट्टच असतो.

कापायचा क्रम ठरलेला, आधी भोकं आणि पॉकेट (आरपार न जाणारे खड्डे), मग आतले कट, सगळ्यात शेवटी बाहेरची कड. बाहेरची आधी कापली तर तुकडा सैल होतो आणि नंतरचं सगळं हलतं. सुटणाऱ्या तुकड्यांना टॅब, म्हणजे शीटला धरून ठेवणारे न कापलेले छोटे दुवे, ठेवा, १८ मिमीच्या प्लायला ८-१० मिमी लांब आणि ३ मिमी जाड पुरे होतात, टॅब सरळ कडेवर ठेवा, वळणावर घासून काढणं जिवावर येतं. दुसरा उपाय म्हणजे तळाशी अर्धा मिमीचा पापुद्रा शिल्लक ठेवायचा आणि शेवटी चाकूने कापायचं, व्हॅक्यूम बेडवर (जो हवा ओढून शीट धरतो) हे झकास. शीट स्क्रूने धरत असाल तर स्क्रूच्या जागा ड्रॉइंगमध्येच काढा आणि पहिला प्रोग्राम फक्त त्या जागी खुणा करणारा ठेवा, त्या खुणांवरच स्क्रू मारा. मनाने मारलेला स्क्रू आणि बिट यांची गाठ पडतेच पडते.

झेडचा शून्य, म्हणजे बिटाची खाली-वर उंची जिथून मोजायची ती जागा, कुठून घ्यायचा यावर लोक वाद घालतात. आरपार कट असेल तर शून्य स्पॉइलबोर्डवरून घ्या, कारण प्लायची जाडी बदलती असली तरी तळ पक्का असतो आणि बिट ०.२-०.३ मिमीच खाली जातो. पॉकेटची खोली नेमकी हवी असेल तर त्या ऑपरेशनला वरच्या पृष्ठभागावरून. एकाच कामात दोन्ही येत असतील तर दोन वेगळे वर्क ऑफसेट (मशीनमध्ये साठवलेले शून्य) ठेवा, एक जी५४ मध्ये, दुसरा जी५५ मध्ये.

फीडचं, म्हणजे बिट पुढे सरकण्याच्या वेगाचं, गणित सोपंय, आरपीएम गुणिले बिटाच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने काढायचा छिलका. १८००० आरपीएम, दोन धारा, ०.१५ मिमी म्हणजे मिनिटाला ५४०० मिमी. तुमचं मशीन एवढं पळत नसेल तर फीड कमी करून गप्प बसू नका, आरपीएमही उतरवा, १२००० ला तेच गणित ३६०० देतं, नाहीतर एका धारेचा बिट लावा. हळू फीड आणि जोरात फिरणारा बिट म्हणजे कापणं नाही, नुसतं घासणं, बिट तापतो, धार जाते, लाकूड काळं पडतं. बाहेर जाडसर छिलके पडले पाहिजेत, पिठासारखी धूळ पडत असेल तर काहीतरी चुकतंय (एमडीएफ सोडून, तो कसाही कापला तरी पीठच देतो). ६ मिमीच्या बिटाने एका पासला (एका फेरीला) ६ मिमी खोल, १८ चं शीट तीन पासमध्ये, ही बहुतेक मशिनांना झेपणारी सुरुवात आहे. प्लायच्या दोन्ही बाजू स्वच्छ हव्या असतील तर कंप्रेशन बिट (ज्याचं टोक छिलके वर आणि वरचा भाग खाली ढकलतो), पण त्याच्या टोकाचा जो भाग वर खेचतो त्यापेक्षा पहिला पास खोल घ्यावा लागतो, नाहीतर वरचा पापुद्रा उचकटतो आणि बिटाचे पैसे वाया.

थ्रीडी पृष्ठभाग कापायचा असेल तर वेळेचा हिशोब आधी मांडा, डोळे उघडतात. बॉल-नोज बिटाच्या (गोल टोकाच्या बिटाच्या) दोन फेऱ्यांमध्ये जी धार उरते तिची उंची म्हणजे अंदाजे दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा वर्ग भागिले बिटाच्या त्रिज्येची आठपट. १२ मिमीचा बिट, १.२ मिमी अंतर, तर धार ०.०३ मिमी, हात फिरवला तरी कळणार नाही. पण एक चौरस मीटर पृष्ठभागाला ३००० च्या फीडने त्याला साडेचार तासांच्या वर लागतात. अंतर ३ मिमी केलंत तर पावणेदोन-दोन तासांत होतं, धार ०.१९ मिमीची राहते, आणि वरून पुट्टी-रंग येणार असेल तर ती पॉलिशपेपरने पाच मिनिटांत जाते. मोठ्या वस्तूला मोठा बिट आणि मोठं अंतर, बारीक बिट फक्त चेहरा, अक्षरं, कडा अशा ठिकाणी. पूर्ण पृष्ठभागावर बारीक फिनिशिंग लावून मशीन रात्रभर पळवणारे लोक आहेत, मला ते कधी पटलं नाही.

खोलीची मर्यादाही असते. गॅन्ट्रीखालची उंची, बिट किती बाहेर राहतो, आणि उभ्या भिंतीजवळ स्पिंडलचा (बिट फिरवणाऱ्या मोटरचा) नट ठोकळ्याला आपटतो का, हे सिम्युलेशनमध्ये बिट पकडणाऱ्या होल्डरसकट बघा. ३०० मिमी जाड ठोकळा एकदम कापण्यापेक्षा १०० चे तीन स्लॅब कापून चिकटवणं जवळजवळ नेहमीच सोपं जातं, शिवाय पोटाखालचे आत गेलेले भाग तीन अक्षांच्या मशीनला वरून दिसतच नाहीत, स्लॅब केले की तेही उलटे करून कापता येतात.

फोममध्ये दोन गोष्टी सांभाळा. ठोकळे चिकटवून मग कापणार असाल तर ग्लू बाहेरच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटीमीटर आतच ठेवा, वाळलेला ग्लू फोमपेक्षा कडक असतो आणि बिट तिथे उडी मारून कंगोरा सोडतो. आणि थर्माकोल असो की एक्सपीएस (त्याच जातीचा घट्ट फोम), त्यावर थेट पॉलिएस्टर रेझिन लावू नका, फोम विरघळतो. इपॉक्सी चालतं.

लांब कामाचा जी-कोड (मशीनला दिलेल्या हुकमांची यादी) एकच भलीमोठी फाईल करू नका. टूलप्रमाणे आणि भागाप्रमाणे तुकडे करा, प्रत्येक फाईल वीस-तीस मिनिटांची. वीज गेली, बिट तुटला, शीट हललं, तर तेवढाच तुकडा परत चालवायचा. होमिंग (मशीनला त्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात नेणं) करून वर्क झिरोचे, म्हणजे कामाच्या शून्याचे, मशीन-कोऑर्डिनेट कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, म्हणजे मशीन बंद पडलं तरी शून्य परत सापडतो.

धुळीचं सांगायलाच हवं. एमडीएफची धूळ बारीक असते आणि फुफ्फुसात जाते, धूळ ओढणारा एक्स्ट्रॅक्टर चालू आणि वर मास्कही, दोन्ही. बोथट बिट किंवा लागलेला स्क्रू ठिणगी देतो, ती पाइपातून भुशाच्या पिशवीत जाते आणि तिथे तासाभराने धूर निघतो. म्हणून काम चालू असताना मशीन सोडून जायचं नाही, आणि संपल्यावर पिशवी लगेच रिकामी करून बाहेर ठेवायची.

जोडणी आधी कोरडी, ग्लूशिवाय, पूर्ण. ग्लू लावल्यावर पांढऱ्या सुतारी ग्लूला जेमतेम दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात मोठी पेटी होत नाही, म्हणून दोन-दोन तीन-तीन फळ्यांचे गट करून जोडा आणि प्रत्येक गटाचे कर्ण मोजा. गुण्या छोट्या कोपऱ्याला ठीक आहे, दीड मीटरच्या पेटीला कर्णच खरं सांगतो.

राहता राहिला सांध्यांचा शेवट. रंगाखाली सांधा पूर्ण गायब करायचा म्हटलं तर पुट्टी, घासणं, परत पुट्टी, आणि तरीही हवा बदलली की लाकूड हलतं आणि सहा महिन्यांत केसासारखी रेघ दिसायला लागते. त्यापेक्षा डिझाइनमध्येच सांध्यावर दोन मिमी रुंद, दोन मिमी खोल खाच द्या, दोन्ही फळ्यांच्या कडेला एक-एक मिमीची पायरी कापून. ती मुद्दाम दिलेली रेघ वाटते आणि लाकूड हललं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग पितात, त्यांना आधी दोन हात सीलर किंवा पातळ केलेला ग्लू, मग प्रायमर. आणि प्रत्येक वेगळ्या आकाराच्या पॅनलचा एक जास्तीचा तुकडा त्याच शीटमधून कापून ठेवा, शीटवर जागा उरलेलीच असते, आणि गाडीतून उतरवताना कोपरा कुठे ना कुठे आपटतोच.